रीतीचा हक्क आणि मालाचा हक्क

(संस्थेच्या पालक सभेत केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने लिहून काढले आहे.)



पालक सभेत शिक्षकाने हजेरी, शिस्त आणि परीक्षा यांवर बोलावे अशी आपल्याकडे प्रथा आहे. मी मात्र पेटंटच्या कायद्यावर बोलणार आहे. मी वकील नाही, रसायनशास्त्रज्ञही नाही. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणारा एक शिक्षक आहे. मग हा विषय मी का घेतला, ते आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील यंत्रमागावर काम करीत. त्यांना क्षय झाला, आणि तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. सरकारी उपचार चालू होते. घरात नव्या गोळीची चर्चा होत असे, ती मुलाच्या कानावर पडत असे. एके दिवशी तास संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, ही गोळी एकाच कंपनीची आहे म्हणतात. औषधात काय असते ते तर सगळ्यांना माहीत असते. मग दुसरे का बनवत नाहीत? आपल्या मोहल्ल्यात एकाने नवीन कापड काढले की महिन्याभरात दहा जण काढतात."

मी त्याला "तसा कायदा आहे" एवढेच सांगून वाटेला लावले. हे उत्तर नव्हे, हे मलाही समजत होते. पुढे मी त्या प्रश्नाच्या मागे लागलो, आणि जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

पेटंट म्हणजे काय, येथून सुरुवात करू. आपल्या वडीलधाऱ्यांनी जुने हकीम पाहिले आहेत. एखाद्या हकीमसाहेबांच्या नुस्ख्याने लोकांना गुण येई. पण तो नुस्खा ते कोणाला सांगत नसत. सांगितला तर रोजी जाईल ही भीती. परिणाम असा होई की हकीमसाहेबांबरोबर नुस्खाही कबरीत जाई. पेटंटचा कायदा ह्या भीतीवर उपाय म्हणून आहे. सरकार शोध लावणाऱ्याला म्हणते, "तुझा शोध कागदावर उघड लिहून दे. त्या बदल्यात ठरावीक वर्षे त्याचा मक्ता तुझा. मुदत संपली की तो सर्वांचा." आज आपल्या देशात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. हा सौदा आहे, आणि मुळात न्याय्य सौदा आहे.

पण मक्ता नेमका कशाचा? येथेच खरी मेख आहे. शोध दोन प्रकारचा असू शकतो. एक, वस्तू तयार करण्याची रीत. दुसरा, प्रत्यक्ष तयार झालेली वस्तू. कायद्याच्या भाषेत पहिल्याला प्रक्रियेचे पेटंट आणि दुसऱ्याला उत्पादनाचे पेटंट म्हणतात. मी सोयीसाठी रीत आणि माल असे म्हणेन.

आम्हा शिक्षकांना हा भेद रोज भेटतो. गणिताच्या पेपरात दोन मुलांचे उत्तर एकच आले म्हणून कोणी नक्कल केली असे होत नाही. एकाने त्रैराशिक मांडले, दुसऱ्याने समीकरण सोडवले. उत्तर तेच येणार. पण दोघांच्या पायऱ्या, खाडाखोड आणि चुकासुद्धा सारख्या असतील तर आम्ही विचारतो, "कोणी कोणाचे पाहिले?" रीतीचे पेटंट हे असे आहे. माझ्या पायऱ्या उचलू नकोस. तुझ्या पायऱ्यांनी त्याच उत्तराला पोहोचलास तर माझी तक्रार नाही. आणि त्या पायऱ्यांनी बनवलेला माल बाजारात आणणेही मना आहे, म्हणजे चोरून रीत वापरायची आणि मालावर नफा काढायचा ही पळवाट नाही. मालाचे पेटंट ह्याहून कडक असते. तेथे उत्तरावरच मालकी असते. दुसऱ्याने स्वतःच्या डोक्याने, स्वतःच्या मेहनतीने, अगदी निराळ्या वाटेने तेच उत्तर काढले तरी मुदत संपेपर्यंत ते लिहायचे नाही.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा फरकाने काय होते? काय होते त्याचा एक जुना दाखला आपल्याच धंद्याजवळचा आहे. तो रंगाचा आहे, आणि कापडवाल्यांना रंगाचे महत्त्व मी सांगायला नको.

सन १८५९ मध्ये फ्रान्समधील लिआँ या रेशमी कापडाच्या शहरात व्हेर्गां नावाच्या रसायनज्ञाने फुक्सिन हा रंग काढला. आपण ज्याला मॅजेंटा म्हणतो तो हा रंग. एका कारखानदार घराण्याने त्याचे पेटंट घेतले. लवकरच इतरांनी त्याहून चांगल्या रीतींनी तोच रंग बनवला. तेव्हा वाद कोर्टात गेला आणि १८६३ मध्ये असा निकाल लागला की पेटंट रंगाचेच आहे. रीत कोणतीही असो, फ्रान्समध्ये हा रंग दुसऱ्या कोणी बनवायचा नाही. परिणाम काय झाला? हुशार रंगतज्ज्ञ फ्रान्स सोडून शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये गेले. तेथे तेव्हा पेटंटचा कायदाच नव्हता. बाझेल शहराचा रंगउद्योग वाढण्यास ह्या मंडळींचा हातभार लागला. आणि ज्या कंपनीच्या हातात मक्ता होता ती १८६८ मध्ये बुडाली.

जर्मनीने ह्यातून धडा घेतला. १८७७ च्या जर्मन कायद्याने अन्न, औषधे आणि रासायनिक पदार्थ यांवर मालाचे पेटंट द्यायचे नाही, फक्त रीतीचे द्यायचे, असे ठरवले. मग कारखान्याकारखान्यांत नवी वाट शोधण्याची चढाओढ लागली. निळीचेच पाहा. १८९७ मध्ये बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली, आणि थोड्याच वर्षांत हेक्स्ट कंपनीने अगदी निराळ्या मार्गाने तीच नीळ बनवली. नीळ एक, वाटा दोन. ती स्वस्त झाली, आणि आपल्याकडे बंगाल-बिहारमधील निळीची शेती तिच्यापुढे टिकली नाही. जर्मनीच्या यशाला विद्यापीठे, प्रयोगशाळा अशी इतरही कारणे होती. सगळे श्रेय कायद्याला देता येणार नाही. पण कायद्याने वाट अडवली नाही, एवढे नक्की.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्याकडे इंग्रजांनी केलेला १९११ चा कायदा चालू होता. त्यात औषधावर मालाचे पेटंट मिळे. पेटंटे बहुतेक परदेशी कंपन्यांची. त्यांतली बरीचशी औषधे येथे बनत नसत, आणि दुसऱ्याला बनवूही दिली जात नसत. अमेरिकेच्या सिनेटमध्ये केफॉव्हर यांच्या समितीने १९६० च्या सुमारास औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा काही औषधांच्या बाबतीत गरीब भारतातील किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत असे आढळले. आपल्या सरकारने आधी बक्षी टेकचंद यांची समिती नेमली. पुढे न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला. त्यांनी जर्मनीसारख्या देशांचा अनुभव तपासला आणि अन्न, औषध व रसायने यांना रीतीचेच पेटंट असावे अशी शिफारस केली.

त्यावरून १९७० चा पेटंट कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. त्याचे पाचवे कलम हे ह्या विषयाचे मर्म होते. औषध, अन्न किंवा रासायनिक पदार्थ यांवर पेटंट मिळणार नाही. ते बनवण्याच्या रीतीवर मिळेल. अन्न आणि औषध यांच्या रीतीची मुदतही कमी केली: पेटंटच्या तारखेपासून ७ वर्षे किंवा ते मंजूर होऊन मोहोर उमटल्यापासून ५ वर्षे, यांतील जी आधी संपेल ती. इतर शोधांना १४ वर्षे होती.

हा कायदा व्हावा म्हणून आग्रह धरणाऱ्यांत एक नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवे. डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद. अलीगढचा हा तरुण बर्लिनला जाऊन रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आला आणि १९३५ मध्ये त्याने मुंबईत सिप्ला ही औषध कंपनी काढली. १९३९ मध्ये महात्मा गांधींनी तिला भेट दिली होती. त्यांचे चिरंजीव डॉ. युसुफ हमीद केंब्रिजहून रसायनशास्त्र शिकून आले आणि त्यांनी वडिलांचे काम पुढे नेले. श्रीमंती पुष्कळांकडे असते. ह्या पिता-पुत्रांकडे रसायनशास्त्र होते, म्हणून रीतीच्या कायद्याचा फायदा त्यांना देशाला करून देता आला. कारण कायदा नुसते दार उघडे ठेवतो. आत जाण्याचे बळ विद्येनेच येते.

याचे एक उदाहरण देतो. एड्सवरील पहिले मान्य औषध एझेडटी हे परदेशी कंपनीचे होते. डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले होते. पुढे हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत असताना त्यांनी ते औषध बनवण्याची आपली रीत बसवली, आणि सिप्लाने ते भारतात आणले. नंतर २००१ मध्ये सिप्लाने एड्सच्या तीन औषधांचा एकत्र उपचार वर्षाला माणशी ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोच उपचार तेव्हा जगात १० ते १५ हजार डॉलरला पडत होता. आफ्रिकेतील लाखो गरीब रोग्यांना औषध मिळण्याचा रस्ता त्यामुळे मोकळा झाला. त्यामागे १९७० च्या कायद्याचे एक लहानसे कलम होते.

मात्र दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नवे औषध शोधायला वर्षानुवर्षे जातात, पैसा लागतो, आणि बहुतेक प्रयत्न फसतात. शोध लावणारा म्हणतो, "रेणू मी शोधला. एकदा तो माहीत झाला की दुसरी वाट काढणे सोपे असते. मग माझ्या मेहनतीचे काय?" हे म्हणणे खोटे नाही. आणखी एक अडचण अशी की रीत बंद दाराआड वापरली जाते. समोरच्याने माझीच रीत चोरली हे मी सिद्ध कसे करणार? आता कायद्यात यावर तोड आहे. माल तोच आहे हे फिर्यादीने दाखवले आणि माल नवा असला, तर आपली रीत वेगळी आहे हे दाखवण्याची जबाबदारी कोर्ट समोरच्यावर टाकू शकते. म्हणजे पुन्हा आमचीच शाळेची पद्धत: "उत्तर बरोबर आहे, आता पायऱ्या दाखव."

तर मोठी कलाटणी यानंतर आली. जागतिक व्यापार संघटनेचा करार १९९५ पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक सभासद देशाला सर्व क्षेत्रांत, औषधांतसुद्धा, मालाचे पेटंट देणे भाग होते. आपल्याला दहा वर्षांची सवलत होती. ती संपली आणि १ जानेवारी २००५ पासून पाचवे कलम कायद्यातून गेले. आता औषधावर मालाचे पेटंट मिळते. माझ्या विद्यार्थ्याला मी जे उत्तर द्यायला हवे होते ते हे: कापड काढणाऱ्या दहा जणांना कोणी अडवले नाही, कारण त्या कापडावर कोणाची नोंद नव्हती, गोळीच्या बाबतीत मालावरच नोंद होती.

मग सगळे दार बंद झाले काय? नाही. आपल्या संसदेने २००५ च्या दुरुस्तीत काही खिडक्या ठेवल्या. त्या तिन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली खिडकी कलम ३(घ) ची. माहीत असलेल्याच औषधाचे नवे रूप, म्हणजे नवा क्षार किंवा नवा स्फटिक, काढून पुन्हा २० वर्षांचा मक्ता मागता येणार नाही. औषधाचा गुण लक्षणीय वाढला असेल तरच मिळेल. कॅन्सरवरील ग्लिव्हेक या औषधाच्या बाबतीत नोव्हार्टिस कंपनी ह्या कलमावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचे म्हणणे फेटाळले. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर जात होता; भारतीय कंपन्यांचे तेच औषध दहा हजारांच्या आसपास मिळत होते.

दुसरी खिडकी सक्तीच्या परवान्याची. पेटंट असलेले औषध लोकांना परवडणाऱ्या किमतीत मिळत नसेल तर सरकारी नियंत्रक दुसऱ्याला ते बनवण्याचा परवाना देऊ शकतो; मूळ मालकाला स्वामित्वधन द्यावे लागते. आपल्या मुंबईच्याच कार्यालयातून मार्च २०१२ मध्ये नॅटको कंपनीला असा परवाना मिळाला. बायर कंपनीचे नेक्साव्हर हे औषध महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांना पडत होते. नॅटकोने ते ८,८८० रुपयांना द्यायचे ठरले.

तिसरी खिडकी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही त्याला हरकत घेऊ शकतो. कायद्यातला शब्द "कोणतीही व्यक्ती" असा आहे. कारखानदारच पाहिजे, वकीलच पाहिजे असे नाही. आणि येथे मी पुन्हा क्षयाच्या गोळीकडे येतो. तिचे नाव बेडाक्विलिन. तिच्या मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत होती. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षारावर दुसरे पेटंट मागितले होते. ते मिळाले असते तर मक्ता २०२७ पर्यंत लांबला असता. त्याला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची नंदिता वेंकटेसन होती. स्वतः क्षयातून वाचलेली. जुन्या इंजेक्शनांमुळे तिची श्रवणशक्ती गेली होती. तिच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले होती, तिचीही तीच कहाणी. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज नाकारला. जुलैत मूळ मुदत संपली, आणि त्याच वर्षी ह्या औषधाची आंतरराष्ट्रीय खरेदीची किंमत अर्ध्याहून खाली आली. ज्या शहरात दाटीवाटीच्या खोल्यांत माणसे राहतात आणि धुळीत दिवस काढतात, त्या आपल्या भिवंडीला ह्या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको.

क्षयातून वाचलेल्या दोघींनी कायद्याचा एक शब्द वाचला आणि त्याचा उपयोग केला, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

आता आपल्या धंद्याविषयी थोडेसे. रीत आणि माल हा भेद मागालाही लागू आहे. मागात नवी सुधारणा केली, सायझिंगची नवी कृती बसवली, तर तो पेटंटचा विषय. कापडावरची नक्षी हा पेटंटचा विषय नव्हे. तिच्यासाठी डिझाइनचा वेगळा कायदा आहे, आणि तो फक्त डोळ्यांना दिसणारे रूप सांभाळतो, विणण्याची रीत नव्हे. नोंदणी १० वर्षांची, पुढे ५ वर्षे वाढवता येते. सोलापुरी चादर आणि पैठणी यांना जी भौगोलिक नोंद मिळाली ती तिसरीच गोष्ट, ती गावाच्या लौकिकाची. पण एक अट लक्षात ठेवावी. नक्षी असो की यंत्राची सुधारणा, अर्ज करण्यापूर्वी ती बाजारात उघड केली की नवेपणा गेला आणि हक्कही गेला. आपल्याकडे हिकमती जॉबर आणि फिटर कमी नाहीत. खिळा-पट्टी लावून ते असा माग चालवतात की इंजिनिअरने तोंडात बोट घालावे. पण कागदावर उतरवण्याची सवय नाही. ती हिकमत हकीमसाहेबांच्या नुस्ख्याच्या वाटेने जाते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. आपल्या धर्माने ज्ञान मिळवणे हे फर्ज मानले आहे. मुलगा दहावी झाला की त्याला मागावर उभे करण्याची घाई करू नका. मुलीचे नाव शाळेतून काढू नका. त्यांच्यातून रसायनशास्त्र शिकलेले निघू द्या, कायदा शिकलेले निघू द्या. १९७० च्या कायद्याने रीत मोकळी ठेवली तेव्हा रीत शोधणारे शिकलेले लोक होते, म्हणून औषध स्वस्त झाले. आज खिडक्या उघड्या आहेत, पण त्यांतून पाहणारे डोळे हवेत. कायदा वाचता न येणाऱ्यासाठी उघडी खिडकी आणि भिंत यांत फरक नसतो.

तो मुलगा आता शाळा सोडून गेला आहे. अल्लाच्या मेहेरबानीने त्याचे वडील बरे झाले. त्याला मी जे उत्तर दिले नव्हते ते येथे लिहिले आहे. ही स्मरणिका छापून आली की एक प्रत मी स्वतः त्याच्या घरी नेऊन देणार आहे.